पोराच्या खांद्याला सोसेल तेवढंच

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंतात हंगाम असतो; त्याआधीचा एक शनिवार-रविवार सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी राखून ठेवतात. माझा मुलगा तेरा वर्षांचा. यंदा तो जाणार हे कळल्यावर यवतमाळहून दादाचा फोन आला, "पोराच्या हातात बंदूक देतोस?"

दादाचं विचारणं रास्तच. मला मात्र त्याआधी काडतुसाची काळजी होती. इथे बारा गेजच्या, म्हणजे रुंद नळीच्या, बंदुकीतल्या साडेतीन इंची लांब काडतुसाची मोठी हौस. ५७ ग्रॅम छर्रे पुढे सुटले की तो सगळा जोर खांद्यावर येतो, आणि मुलाला झेपावी म्हणून बंदूक हलकी घेतली तर धक्का आणखी वाढतो. एकदा खांदा दुखला की पोरगं पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं. नेम हलतो. पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतो. बापाच्या हौसेपायी असं होणं मला सहन होत नाही.

म्हणून आम्ही पॉइंट फोर-टेन ही अरुंद नळीची छर्ऱ्यांची बंदूक घेतली, आणि तिच्यासाठी टंगस्टन धातूच्या छर्ऱ्यांची काडतुसं. टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जड, त्यामुळे नऊ नंबरचे बारीक छर्रेही खोल जातात आणि २३ ग्रॅममध्ये काम भागतं. ही काडतुसं फार महाग. सराव साध्या, हलक्या काडतुसांवर करायचा; पण टंगस्टनची एक-दोन आधी कागदावर झाडून छर्रे कसे पसरतात ते बघायचंच. तीस यार्डांपलीकडे (सुमारे २७ मीटर) चाप ओढायचा नाही, हे आमचं ठरलंय.

दादा स्वतः रात्र रात्र माळ्यावर बसून तुरीतली रानडुकरं हाकलतो. तिकडचा वाद १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापाशी अडतो: एक म्हणतो हात लावू नका, दुसरा म्हणतो सरसकट मारा. मधल्या मध्ये कुणीतरी गावठी बॉम्ब पेरतं आणि गाईचा जबडा फुटतो. इथे टर्की नामशेष झाली होती. १९७६ साली मिसूरीहून आणून सोडली. बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्के कर १९३७च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. ही पद्धत यवतमाळात आणा, असं मी म्हणणार नाही. तिथे शिवाराला लागून वस्ती आहे. पण मारायचंच ठरलं तर जनावर कसं मरेल, हे आपल्याकडे कुणी विचारत नाही. ते विचारलं पाहिजे.

काल छर्ऱ्यांनी चाळण झालेल्या कागदाचा फोटो दादाला पाठवला. त्याने एवढंच विचारलं, "खांदा दुखला का रे त्याचा?"

नाही दुखला.