पन्नास अधिक तीस म्हणजे ऐंशी नव्हे

कराडला स्टँडजवळच्या एका कापडदुकानावर दहा फुटी फ्लेक्स लागलाय. पिवळ्या गोलात लाल आकडे: "५०% + ३०% = ८०% सूट". बेरीजसुद्धा करून दिली आहे.

गेल्या रविवारी त्याच दुकानात बिलाच्या रांगेत होतो. माझ्यापुढे मसूरकडच्या एक मावशी. नातीसाठी हजाराचा ड्रेस घेतलेला, हातात दोनशेची नोट तयार. काउंटरवरच्या पोरानं बिल काढलं, ३५० रुपये. मावशी म्हणाल्या, "ऐंशी टक्के म्हणलाय नव्हं? मग दोनशेच झालं की." पोरगा म्हणाला, "कॉम्प्युटरनं काढलंय मावशी, ते चुकत नाही." मावशी क्षणभर थांबल्या आणि तिथंच तोंडी हिशेब केला. "हजाराचं निम्मं पाश्शे. पाश्शेचं तीस टक्के दीडशे. राह्यलं साडेतीनशे. बिल बरोबर हाय तुझं. मग भायेर ऐंशी कशाला लिवलंय? पासष्ट लिवा की!"

पोरगा गप्प. माझ्यामागे कॉलेजची बॅग घेतलेला एक मुलगा होता. त्यानं मोबाइलवर पन्नास अधिक तीस दाबून मावशींना दाखवलं, "आजी, ऐंशीच येतंय बघा." तो चेष्टा करत नव्हता. त्याला मनापासून वाटत होतं की आजी चुकतायत.

तेव्हापासून तो मुलगा डोक्यातून जात नाही. फ्लेक्स एकट्यानं होत नाही. मालकानं मजकूर दिला, डीटीपीवाल्यानं टाइप केला, कुणीतरी प्रूफ पाहिलं, छापलं, पोरांनी शिडी लावून बांधलं, आणि आता रोज सगळा बाजार त्याच्याखालून जातोय. यातला प्रत्येक जण शाळेत गेलेला, शेकडेवारीचा धडा शिकलेला. तरी ती बेरीज कुणालाच खटकली नाही. छपाईत वेलांटी चुकते, तशातली ही चूक नाही. टक्के म्हणजे कशाचे तरी टक्के असतात, पहिले पन्नास हजाराचे आणि पुढचे तीस उरलेल्या पाचशेचे, ही समजच नाही.

एकदा नजर बसली की मग जिकडेतिकडे तेच दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात "०.५० पैसे", म्हणजे अर्धा पैसा. एका क्लासच्या बोर्डावर "१००% निकाल" आणि खाली बारीक अक्षरात "४२ पैकी ४० उत्तीर्ण". हा बोर्ड गणिताच्याच क्लासचा आहे, आणि आईबाप तो वाचूनच मुलं घालतात. याचं मला फार वाईट वाटतं.

पण खिसा कापणाऱ्या चुका वेगळ्या. हायवेला एका प्लॉटिंगची जाहिरात आहे, "१ गुंठा (१००० चौ. फूट)". गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असायचं. गुंठ्याचे पैसे मोजून हजारच फूट हातात आले तर ८९ फूट गेले. सातशे रुपये फुटाचा भाव धरला तर ६२,३०० रुपये.

कर्जाचंही तसंच. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. "फक्त १०% व्याज" अशी जाहिरात असते आणि तो दर फ्लॅट असतो. एक लाख घेतले, वर्षाचं व्याज दहा हजार, बारा हप्ते, प्रत्येक हप्ता ९,१६७ चा. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण लाखावर. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर जवळपास १८ टक्के पडतो. काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाला हे समजावताना त्याचा चेहरा उतरत जायचा, कारण तोवर दोन-तीन हप्ते दुसरीकडे गेलेले असायचे. पदवीधरसुद्धा असायचे त्यात.

शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल ग्रामीण भागात घरोघर जाऊन तयार होतो. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाची मुलं तपासली. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागायचं गणित ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. वजाबाकी तरी येणाऱ्या मुलांना पुढे सवलतीचं गणित दिलं, ते जमलं सुमारे ३७ टक्क्यांना. कर्जाची परतफेड किती, हे काढता आलं सुमारे १० टक्क्यांना. हीच मुलं दोन-चार वर्षांत मोबाइल आणि गाडी हप्त्यावर घेणार. पाचवीतल्या मुलांना भागाकार येण्याचं प्रमाण देशभरात २०१० साली ३५ टक्क्यांच्या पुढे होतं. मधे ते बरंच खाली गेलं, २०२४ मध्ये ३०.७ वर आलं. थोडं सावरलंय, पण दहातल्या सात मुलांना पाचवीत भागाकार येत नाही, हे कसं पचवायचं?

आमच्या वेळी पावकी, निमकी, दीडकी, औटकी (पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे) पाठ असायची म्हणून सगळं छान होतं, असं मी म्हणणार नाही. घोकून पाठ असलेली आणि वापरता न येणारी मुलं तेव्हाही वर्गात होती. मावशींना जमलं ते पाठांतरानं नाही. आयुष्यभर बाजारात भाजी विकताना निम्मं, पाव, दीडपट हे त्यांच्या हातातून गेलंय. शाळेत मात्र शेकडेवारी सूत्र म्हणून येते, पाच गुणांची होते आणि निघून जाते.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" असंही म्हणावं, अशी मांडणी आली तेव्हा केवढे विनोद झाले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकरांवर काय काय बोललं गेलं. पण सत्तावन्न ऐकून ७५ लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि त्यांनी त्याच मुलाचा विचार केला होता. तो उपाय पटो न पटो, सहा-सात वर्षांच्या मुलाला संख्या कशी उमगते, यावर महाराष्ट्रानं तेव्हा शांतपणे बोलायला हवं होतं. आपण ती संधी घालवली. शिक्षक जनगणना, निवडणूक याद्या, ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले, आणि भागाकार न येणारं मूल पुढच्या वर्गात. पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणल्या, ठीक आहे. पण परीक्षेनं न येणारं मूल सापडतं. त्याला शिकवायला वर्गात कुणाला तरी वेळ लागतो.

बुधवारी मी त्या दुकानात गेलो. मालकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. म्हणाले, "साहेब, पासष्ट लिहिलं तर समोरचा ऐंशी लिहितोय, गिऱ्हाईक तिकडं जातंय." काल बघितलं तर "= ८०%" वर पिवळा कागद चिकटवलाय. पासष्ट कुठेच लिहिलेलं नाही. सोमवारी परत जाणार आहे, आणि समोरच्या दुकानातही.