क्रायडर आत्ता गेला, सीझन तर नोव्हेंबरातच गेला होता

मंडळी, काल दुपारी ऑफिसात डबा खाताना फोन बघितला आणि घास हातातच राहिला. आइस हॉकीतल्या न्यूयॉर्क रेंजर्सने क्रिस क्रायडरला अ‍ॅनाहाइमला देऊन टाकलं. तेरा सीझन एकाच टीमकडून खेळला हा माणूस, ३२६ गोल, शंभर वर्षांच्या जवळ आलेल्या या क्लबच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त गोल फक्त दोघांचे आहेत, आणि बदल्यात आलं काय तर एक नवखा पोरगा आणि ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला, एक पिक. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या ग्रुपवर आयपीएल सोडून कोणी दुसरं काही बोलत नाही म्हणून आज इथे मोकळेपणाने लिहितेय, लांब होईल, पण मनात फार साठलंय.

ज्यांना आइस हॉकी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी २०१३ ला इथे आले, पहिल्याच वर्षी रेंजर्स स्टॅनली कपच्या, म्हणजे या लीगच्या सगळ्यात मोठ्या कपच्या, फायनलला गेले आणि लॉस एंजेलिसकडून ४-१ ने हरले, तेव्हापासून मी या टीमची. ऑफिस मॅनहॅटनमध्ये, गाडी पेन स्टेशनला येते आणि बरोब्बर डोक्यावर रेंजर्सचं घरचं मैदान, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, म्हणजे संध्याकाळी घरी जायला खाली उतरायचं तेव्हा निळ्या जर्सीतली गर्दी वर चढत असायची. खेळ मला शिकवला तो टीव्हीवरच्या सॅम रोझेनच्या आवाजाने. पक म्हणजे काय, ऑफसाइड कधी होतो, समोरच्याला पेनल्टी लागली की दोन मिनिटं आपण पाच आणि ते चार त्याला पॉवर प्ले म्हणतात, सगळं त्याच्याकडून. चाळीस वर्षं कॉमेंट्री करून हा त्याचा शेवटचा सीझन होता. त्या माणसाला असा सीझन बघत निरोप घ्यावा लागला याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता आकडे बघा. २०२३-२४ मध्ये हीच टीम ५५ मॅच जिंकून ११४ पॉइंट्सवर, अख्ख्या लीगमध्ये पहिली. आपला प्लेअर पनारिन, त्याचे एकट्याचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून १२० पॉइंट्स. प्लेऑफमध्ये कॅरोलायनाविरुद्ध सहाव्या मॅचला ३-१ ने मागे असताना क्रायडरने शेवटच्या एका पिरियडमध्ये तीन गोल मारले आणि मॅच ५-३ ने काढली, आम्ही घरात ओरडलो तर खालच्या मजल्यावरचे वर बघायला आले काय झालं म्हणून. पुढे फ्लोरिडाने हरवलं, पण फ्लोरिडाच मग कप जिंकली, त्यामुळे त्यात लाज नव्हती. आणि बारा महिन्यांत? ८५ पॉइंट्स. प्लेऑफच्या बाहेर. १२ एप्रिलला कॅरोलायनात ७-३ ने हरलो आणि हिशोब संपला. लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमला प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते, ती जिंकून पुढच्याच वर्षी प्लेऑफबाहेर पडण्याची ही चौथी वेळ, आणि त्यातल्या दोन वेळा आपणच, १९९२-९३ ला आणि आत्ता.

लोक म्हणतात मागचं वर्षच खोटं होतं, गोलकीपर आणि पॉवर प्लेने झाकून नेलं, पाच विरुद्ध पाच खेळताना ही टीम कधीच एवढी भारी नव्हती. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. मागच्या वर्षी पॉवर प्लेला चारात एक गोल ठरलेला, यंदा सहात एखादा. डिफेन्स तर इतका सैल की आपला गोलकीपर इगोर शेस्टर्किनसमोर समोरचे एकटे मोकळे येऊन उभे राहायचे, तो एक थांबवणार, दुसरा थांबवणार, तिसऱ्याला काय करेल तो? डिसेंबरात त्याला आठ वर्षांचं ९२ मिलियनचं काँट्रॅक्ट दिलं, कुठल्याही गोलकीपरला मिळालेलं सगळ्यात मोठं, आणि माझ्या मते त्यातला एकेक डॉलर त्याच्या हक्काचा आहे.

पण नुसतं खेळ कमी पडला म्हणून टीम अशी कोसळत नाही. सीझनची सुरुवात आठवा ना, १२ विजय, ४ हार, १ ओव्हरटाइममध्ये गेलेली. मग कॅल्गरी आणि एडमंटनला लागोपाठ दोन मॅच हरलो. फक्त दोन! आणि तेवढ्यात बातमी बाहेर आली की जनरल मॅनेजर क्रिस ड्रुरी यांनी बाकी सगळ्या टीमना कळवलंय की आम्ही ट्रेडला, म्हणजे प्लेअरच्या अदलाबदलीला, तयार आहोत, आणि त्यात नावं कोणाची, तर कॅप्टन जेकब ट्रूबा आणि क्रिस क्रायडर. म्हणजे ड्रेसिंग रूममधली दोन सगळ्यात मोठी माणसं, ज्यांच्याकडे बघून पोरं खेळतात, त्यांची नावं बाजारात. त्यानंतर काय झालं? पुढच्या महिनाभरात चार जिंकल्या आणि तेरा हरल्या. वर्षअखेरीला १६-१९-१.

बरं ही सुरुवातही नव्हती. उन्हाळ्यातच आपला प्लेअर बार्कली गुडरोला वेव्हर्सवर टाकलं होतं, म्हणजे कोणीही फुकट उचलून न्या. त्याच्या काँट्रॅक्टमध्ये कुठल्या टीमकडे जायचं नाही याची यादी होती, वेव्हर्समध्ये ती यादी चालत नाही, आणि सॅन होजे लीगमध्ये शेवटची असल्याने पहिला हक्क त्यांचा. नियमात बसतं सगळं. पण रूममधल्या बाकीच्यांनी ते बघितलं ना. ट्रूबालाही उन्हाळ्यातच हलवायचं होतं, त्याची बायको न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरकीची रेसिडेन्सी करत होती, त्याला जायचं नव्हतं. म्हणजे नकोसा झालेला कॅप्टन तोच कॅप्टनचा 'सी' छातीवर लावून परत आला, आणि ६ डिसेंबरला अ‍ॅनाहाइमला रवाना. मग कापो काको, २०१९ ला ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरवर घेतलेला पोरगा, त्याला एका मॅचला बाहेर बसवलं, तो पत्रकारांसमोर मनातलं बोलला की तरुण पोराला बाहेर काढणं सोपं असतं, आणि तीन दिवसांत तो सिएटलला.

आपल्याकडे हे कळायला अवघड नाही. मुंबई इंडियन्सचं २०२४ आठवा. प्लेअर तेच, पैसा तोच, कॅप्टनचा विषय हाताळला चुकीचा आणि टीम तळाला दहावी. वानखेडेवर स्वतःच्याच टीमच्या कॅप्टनची हुर्यो उडवली लोकांनी. माणसं दुखावली की हात-पाय चालतात पण जीव लावून कोणी खेळत नाही.

२३ डिसेंबरला मी आणि लेक नेवार्कला न्यू जर्सी डेव्हिल्सविरुद्धची मॅच बघायला गेलो होतो, एडिसनहून गाडीने अर्धा तास, आणि गार्डनपेक्षा तिकीट स्वस्त. तिच्या अंगात २० नंबरची जर्सी, पाठीवर क्रायडर, दोन वर्षं वापरून अक्षरांच्या कडा सुटायला आलेल्या. वॉर्मअपला काचेला नाक लावून उभी राहिली, एकेक प्लेअर समोरून जातोय आणि ही नंबर वाचतेय, दहा, त्र्याण्णव, तेवीस... वीस आलाच नाही. मला वाटलं उशिरा येईल. मग फोनवर बघितलं तर कोचने त्याला त्या दिवशी बाहेर बसवलेलं. पाठीच्या दुखण्याने तो वर्षभर हैराण होता हे खरं, ३९ गोलांवरून २२ वर आला हेही खरं, पण आधी बाजारात नाव फिरवायचं आणि मग असं बसवायचं, काय उरतं माणसात? मॅच ५-० ने हरलो. येताना गाडीत ती गप्प होती, मेट्रोपार्क स्टेशन येईपर्यंत एक शब्द नाही. मग विचारलं, "आई, त्याने काय केलं होतं गं?" मला काही सांगता आलं नाही.

आता प्लेअरना मी सोडतेय असं नाही. मिलियन्समध्ये पगार घेता, मन दुखलं म्हणून बचावासाठी मागे परतायचं स्केटिंगच करायचं नाही हे चालणार नाही, आणि मिका झिबानेजाद माझा आवडता असूनही सांगते, डिसेंबरात तो बर्फावर हरवल्यासारखा दिसायचा. जानेवारीअखेर जे. टी. मिलरला परत आणलं, त्याने धक्का दिला, पण तोवर गाडी निघून गेली होती. शेवटी किंमत कोणी मोजली? कोच लाव्हियोलेट यांनी, सीझन संपून दोन दिवस झाले नाहीत तोच घरी. ड्रुरी मात्र जागेवर. माझा राग इथे आहे. कोच बदलला, कॅप्टन गेला, आता क्रायडरही गेला, आणि ज्यांनी रूमचा विश्वास मोडला त्यांच्याकडेच ती परत बांधायचं काम.

माइक सलिव्हन आलेत नवे कोच म्हणून, पिट्सबर्गला दोन कप जिंकलेत, माणूस मोठा आहे, मला त्यांच्याकडून खरी आशा आहे. ऑक्टोबरात टीव्ही लावणारच मी, ही टीम सोडणं मला जमणार नाही.

काल रात्री लेकीने जर्सी घडी करून माझ्या हातात दिली. टाकून द्यायची का विचारलं तर जोरात नाही म्हणाली. मग म्हणाली अ‍ॅनाहाइमच्या मॅच आपल्याला दिसतात का. दिसतात, पण तिकडच्या घरच्या मॅच आपल्या रात्री दहाला सुरू होतात आणि सकाळी शाळा असते. शनिवारची असेल तर बसू दोघी, असं कबूल केलंय.