पावसाळ्यात माळावर गाडी घालू नका

जून उजाडला की सातारा जिल्ह्यातल्या डोंगरवाटांवर ऑफ-रोडिंगच्या, म्हणजे डांबरी रस्ता सोडून रानातून चालवायच्या मोटारसायकलींची गर्दी सुरू होते. चिखल उडवणारे व्हिडिओ, हिरवेगार सडे म्हणजे खडकाळ पठारं, ओढ्यातून उसळत जाणारी गाडी. हा खेळ मला मनापासून आवडतो आणि तो इथे टिकावा असं वाटतं, म्हणून स्पष्ट लिहितो. जून ते ऑक्टोबर उघड्या माळावर, सड्यावर आणि उताराच्या मातीच्या वाटेवर गाडी नेऊ नये. आपला हंगाम दिवाळीनंतरचा.

कारण पाणी. ओल्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, गवताची मुळं उपटली जातात आणि चार बोटं खोल चाकोरी पडते. पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं, कारण बाजूला गवत अडवतं आणि इथे अडवायला काही उरलेलं नसतं. वेग वाढला की पाणी तळ खरवडतं आणि काही पावसाळ्यांत गुडघाभर घळ तयार होते. गुरांनी, माणसांनी पाडलेल्या जुन्या वाटा बघा, त्या तिरक्या, वळणं घेत चढतात. आपण मात्र उभ्या चढाला सरळ भिडतो, म्हणजे पाणी जिथून उतरणार नेमक्या त्याच रेषेत चाकोरी पाडतो. त्यात पुढच्यानं पाडलेला चिखल टाळायला मागचा बाजूनं गाडी काढतो, त्याच्या मागचा आणखी बाजूनं. दोन हातांची वाट वीस हातांची होते ती अशी.

सगळी जमीन सारखी नसते. मुरमाच्या गाडीवाटेवरून पाणी लवकर निथळतं, पाऊस दोन दिवस उघडला तर तिथे फारसं बिघडत नाही. काळी माती वरून सुकलेली दिसते आणि आत लोणी असते. चाक रुततं, माती मडगार्डमध्ये ठासून बसते, पुढचं चाक अडतं आणि मग लोक क्लच जाळत बसतात. निघण्याआधी चार बोटं खोलवरची मूठभर माती काढून दाबा. गोळा होऊन बोटांत त्याची पट्टी निघाली तर माघारी फिरा, भुगा झाला तर चालेल. वाटेत असाल आणि ठसा इंचभरापेक्षा खोल उमटत असेल, तरी माघारीच फिरायचं.

माण, खटाव, कोरेगावच्या मित्रांना वेगळं सांगायचंय. तिथल्या उतारांवर पाणी अडवणारे जे समतल चर दिसतात ते गावांनी श्रमदानातून, कुदळ-फावड्यानं खोदलेत. 2016 च्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा पहिला नंबर आला, 2018 ला माणमधल्या टाकेवाडीचा. चरातली माती खालच्या अंगाला भराव म्हणून घालतात आणि त्या भरावावरून गाडी उडवायला मजा येते, हे खरं आहे. पण चर एका पातळीत लांबवर गेलेला असतो. भरावाला एका जागी खाच पडली की साचलेलं सगळं पाणी तिथूनच निघतं, खालच्या चराचा भराव फोडतं, मग त्याच्या खालचा. एका गाडीच्या एका उडीनं उताराची सगळी ओळ निकामी होऊ शकते. शेताच्या बांधाचंही तेच. बांधावरून गाडी नेऊच नये.

सड्यांबद्दल तर मी अजिबात मोकळीक द्यायला तयार नाही. कास 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथे गाडी घालायचा प्रश्नच येत नाही. पण चाळकेवाडीकडचे आणि आजूबाजूचे लहान सडेही त्याच जांभ्याचे आहेत. खडकावर काही ठिकाणी जेमतेम बोटभर माती, तिच्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. वायतुरा जमिनीतल्या कंदावर उन्हाळा काढतो, म्हणून कोरडा दिसणारा सडाही रिकामा नसतो. पवनचक्क्यांचे मुरमाचे रस्ते आहेत, तेही विचारून वापरावेत आणि त्यांच्यावरून खाली उतरू नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नसतं, मग गाडीचं काय.

आता कोरड्या हंगामातली गाडी. टायरमध्ये रस्त्यावरची 28-30 पीएसआय हवा असली की मुरमावर चाक उड्या मारतं आणि घसरून माती उकरतं. 20-22 वर आणलं की टायर पसरतो, पकड वाढते, खरवडणं कमी होतं. ट्यूबच्या टायरला 18 च्या खाली जाऊ नका. दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, आणि टायर रिमला धरून ठेवणारा रिम लॉक नसेल तर टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह तिरका होतो नि मुळातून फाटतो. छोटा पंप जवळ हवाच, कारण कमी हवेवर हायवेनं परतलात तर टायर तापतो. उंच गुठळ्यांचे टायर मऊ जमीन जास्त उकरतात, आपल्या वाटांना मध्यम नक्षीचे पुरतात.

चढाला दुसरा गिअर, उभं राहून वजन पुढे, थ्रॉटल एकसारखा. चाक फिरायला लागलं की थ्रॉटल कमी करायचा, वाढवायचा नाही. चढावर अडकलात तर इंजिन बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवा. चढाकडे तोंड असताना पुढचं चाक हलकं असतं, नुसता पुढचा ब्रेक गाडी धरत नाही. क्लच थोडा-थोडा सोडत, त्यालाच ब्रेक करून मागे घ्या, आडवी करा, वळवा. उतरताना मागचं चाक लॉक करून घसरत येणं म्हणजे नांगर धरणं. पहिल्या-दुसऱ्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग आणि पुढचा ब्रेक हलक्या हातानं, एवढं पुरतं. ओढा पार करायचा तर बैलगाडी जाते त्याच उतारानं, आधी पायानं तळ चाचपून, आणि एकदाच. व्हिडिओसाठी चार फेऱ्या नकोत. सुरुवातीच्या पावसात चढणीचे मासे उथळ पाण्यात येतात, तेव्हा तर ओढ्यात गाडी नकोच. चेनचं तेल लागलेली गाडी ओढ्यात धुणं हाही गुन्हाच समजा.

वाट आपल्या एकट्याची नाही, आणि तिच्यावरच्या हक्कात आपला नंबर सगळ्यांच्या शेवटी. दिवाळीनंतर माण-फलटणकडचे काही धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात, घोड्यावर बिऱ्हाड असतं. कळप दिसला की लांबच थांबून इंजिन बंद करायचं. कळपाच्या मधून गाडी काढली तर तो दुभंगतो, कोकरं चुकतात, कुत्री अंगावर येतात. घोडा समोर आला तर उताराच्या अंगाला उभं राहून हेल्मेट काढा आणि बोला, त्याला माणसाचा चेहरा दिसला आणि आवाज ऐकू आला की तो निवळतो. खिलार बैलांनाही अचानक आवाज सोसत नाही. "मामा, कुठनं जाऊ?" एवढं विचारलं की माणूस स्वतःच वाट दाखवतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीत भरलेली गाडी आली तर बैलांना ती मागे घेता येत नाही, उतारावर थांबवताही येत नाही. आपणच बाजूला व्हायचं. सकाळी गुरं सुटतात आणि दिवस मावळताना परततात, त्या तासाभरात पाणंदीत शिरूच नये. गटात चारपेक्षा जास्त गाड्या नकोत. पहिल्यानं समोरच्याला बोटांनी दाखवावं की मागे किती येताहेत, शेवटच्यानं बंद मूठ. कवाड, ताटी जशी होती तशी ठेवायची, उघडी असेल तर उघडी.

उन्हाळ्याच्या तोंडाला टिटवी उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची, बहुधा चार अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की गाडी बंद करून आल्या वाटेनं ढकलत मागे न्या.

फेब्रुवारी ते मे वणव्याचा काळ. इंजिनच्या खालच्या पाइपाला अडकलेलं वाळकं गवत पेटतं, म्हणून गवतात गाडी उभी करू नका, थांबलात की पाइप तपासा. सायलेन्सर काढून आवाज वाढवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला आपल्याकडे कारखान्यातच 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि गावकरी गाडीवाल्यांवर चिडतात ते बहुतेक वेळा आवाजामुळे.

वाट कोणाची हे आधी बघा. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. आपण दुहेरी रेषेवरच राहावं. गायरान सरकारी म्हणून मोकळं असतं असं नाही, ग्रामपंचायतीला विचारा. पावसाळ्यात चिखलातच चालवायची असेल तर पडीक रान किंवा बंद पडलेली मुरमाची खाण मालकाकडून पैसे देऊन, लेखी संमतीनं घ्या आणि बाहेर जाणारं पाणी चरानं अडवा.

ज्या चाकोऱ्या आधीच पडल्यात त्या मे महिन्यात बुजवायच्या. सुरुवात वरून. चाकोरीच्या तोंडाशी तिरकी नाली काढून पाणी आधी गवताकडे वळवा, नाहीतर खालचं सगळं काम वाहून जाईल. मग दर दोन-तीन मीटरवर आडवे दगड बसवा, मोठे तळाला, टोकं दोन्ही काठांत वीतभर रुतवून, आणि मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा म्हणजे पाणी काठ खाणार नाही. नुसती सुटी माती भरू नका, पहिल्या वळवाला ती ओढ्यात जाते. पाऊस लागला की दगडांच्या वरच्या अंगाला मारवेल, पवन्या या गवतांचे ठोंब लावायचे, आणि पुढचे दोन पावसाळे त्या चढाला गाडी न्यायची नाही.