अडकलेली कॅसेट

आमच्या पिढीला अडकलेल्या कॅसेटी सोडवण्याचा दांडगा अनुभव आहे. भोकात पेन्सिल घालायची, गरागरा फिरवायची, लोंबणारी टेप आत गेली की गाणं पुन्हा चालू. त्यामुळे सायकलच्या मागच्या चाकाची एक तार तुटली आणि मित्र फोनवर म्हणाला, "ती बदलायला आधी कॅसेट काढावी लागेल," तेव्हा मी चक्क हसलो. पुढच्या दोन तासांत मी पुन्हा हसलेलो नाही.

सायकलची कॅसेट म्हणजे मागच्या चाकावर रचलेली दातेरी चकत्यांची उतरंड. माझ्या उतरंडीत ९ चकत्या आहेत, धाकटीला ११ दाते, थोरलीला ३२. तार तुटावी तर नेमकी हिच्या मागची. याचा दोष नशिबाला देता येत नाही. कॅसेटला जागा करून द्यायची म्हणून त्या बाजूच्या तारा जास्त ताणून बसवलेल्या असतात, आणि ज्याला जास्त ताण तो आधी तुटतो. घरोघरी हेच चालतं, पण ते असो.

ही उतरंड जागेवर राहते ती एका चपट्या रिंगमुळे. तिला लॉकरिंग म्हणतात. तिच्या आत १२ बारीक खाचा असतात आणि त्यांत बसणारं टूल मी कधीतरी हौसेने घेऊन ठेवलं होतं. टूल बसवलं, त्यावर पाना चढवला आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने जरा जोर दिला. लगेच फिरलं! टिक टिक टिक टिक. इतकं सोपं? मी फिरवतच राहिलो. शेजारी बसलेली मुलगी बराच वेळ शांतपणे बघत होती.

"बाबा, किती आटे आहेत त्याला?"

"असतील पाच-सहा."

"तू तीस वेळा फिरवलंस."

पाना फिरत होता, टूल फिरत होतं, रिंग फिरत होती आणि रिंगेबरोबर अख्खी उतरंडही फिरत होती. उतारावर पेडल न मारता जाताना जो टिकटिक आवाज आपल्याला इतका रम्य वाटतो, तोच मी जमिनीवर बसून घाम गाळत काढत होतो.

पुन्हा मित्राला फोन. "अरे, कॅसेट धरायला चेन व्हिप नको का?" म्हणजे एक दांडी आणि तिला जोडलेला चेनचा तुकडा. तो चकतीभोवती गुंडाळायचा, एका हाताने दांडी घड्याळाच्या दिशेने दाबायची, दुसऱ्या हाताने पाना उलट दिशेने. हे त्याने आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाला, "तू विचारलंस कुठे?" मोडक्या खुर्चीचा पाय आणि जुनी चेन यांची मी मोट बांधली. दिसायला ते मध्ययुगीन हत्यार दिसत होतं.

आता जोर नीट लागावा म्हणून मी चाक उलटं करून पोटाशी धरलं, कॅसेट पलीकडे, मी अलीकडे. आणि काय आश्चर्य, टिकटिक बंद! पाना घट्ट अडला. पकड बसली म्हणून मी खूश झालो आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. एकदा लावलं, श्वास घेऊन पुन्हा लावलं. रिंग किंचित हललीसुद्धा. पंधरा मिनिटांनी बायको आली, थोडा वेळ बघत उभी राहिली.

"आवळतोयस का?"

"सोडवतोय."

"पलीकडून बघ एकदा."

मी पलीकडे जाऊन बघितलं. पलीकडून बघितल्यावर घड्याळ उलटं चालत नव्हतं. मी पंधरा मिनिटं रिंग आवळत होतो. त्या दिशेला कॅसेट मोकळी फिरतच नाही, तिथे चाकच अडवून धरतं, म्हणून ती पकड. रिंगेवर, ती किती जोराने आवळायची त्याचं माप म्हणून, ४० न्यूटन मीटर असं कोरलेलं होतं. माझ्या हातून तिला त्याच्या किती पट मिळालं, ते फक्त तिलाच ठाऊक.

मग खरी दिशा आणि खरी झटापट. टूल खाचेतून सटकलं, मूठ थोरल्या चकतीवर आपटली. मधल्या बोटाच्या पेरावर चार दात एका ओळीत उमटले, शिक्का मारल्यासारखे. चाकाचाच क्विक रिलीज, म्हणजे चाक सायकलला आवळून धरणारी खटक्याची दांडी, बाहेरून घालून टूल दाबून ठेवायचं असतं, हे बोटाला पट्टी लावताना सुचलं.

पाना २० सेंटीमीटरचा. ४० न्यूटन मीटरला त्याच्या टोकाशी २० किलोचा जोर लागतो, मुलीने हिशेब केला, आणि पान्यात ६० सेंटीमीटरचा पाईप घातला तर सातच किलो पुरतील. "म्हणजे तू कसं आवळलंयस त्यावर आहे," ही पुस्ती तिने स्वतःहून जोडली. पाईप आणला. दांडीवर बायको, पाईपवर मी.

कर्र्र्र-कडाड!

आम्ही दोघंही गोठलो. मोडलं काहीतरी. रिंग? चाकाचा मधला तुंबा, म्हणजे हब? माझं मनगट? काहीच नाही. रिंगेच्या खालच्या अंगाला आणि पहिल्या चकतीला बारीक कंगोरे असतात, ते एकमेकांत रुतून बसतात म्हणून रिंग आपोआप ढिली होत नाही. सुटताना ते असे किंचाळतात. पुढे बोटांनीच फिरवली तरी ती निघत आली.

बाकीचं काम भराभर झालं. दोन चकत्या हबच्या ॲल्युमिनियममध्ये दात रुतवून बसल्या होत्या, त्यांना मागून हलके ठोकून काढलं. तार बदलली, चाक सरळ केलं, वर्षांचं काळं वंगण पुसलं. चकत्या परत बसवताना चुकायची सोयच नाही. हबवरची एक खाच मुद्दाम वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे चकती एकाच तऱ्हेने आत जाते. बनवणाऱ्याने बहुधा माझ्यासारखा कुणीतरी पाहिला असावा. रिंग आवळली, या वेळी समोरून बघून. चाक सायकलला लावलं.

मुलीच्या हातात एक पारदर्शक प्लास्टिकची चकती होती. मोठी, मधे भोक असलेली.

"हे कुठे लावायचं असतं?"

ते लावायचं असतं सगळ्यात आत, तारा आणि कॅसेट यांच्या मधे. चेन घसरून तारांत जाऊ नये म्हणून. म्हणजे सगळ्यात आधी.

"ते काही गरजेचं नसतं," मी म्हणालो. "गिअर नीट लावलेले असले की जाणकार लोक ते काढूनच टाकतात."

"हे तुला कधी कळलं?"

मी पाना पुसत राहिलो.