गिऱ्हाइकाला रोज काय सांगू?

ग्लासगोत माझ्या दारूच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहून तेच ते ऐकून कान किटलेत: “ऑनलाइन स्वस्त मिळते, तू का लुटतोस?” अरे बाबा, लुटत नाही! स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून दारूला किमान दर आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीपासून तो युनिटला, म्हणजे दर १० मिली शुद्ध अल्कोहोलला, ६५ पेन्स. ७०० मिलीच्या ४० टक्केवाल्या बाटलीत २८ युनिट, म्हणजे १८.२० पौंडांच्या खाली मी ती विकूच शकत नाही. विकली तर परवाना धोक्यात. पण नियम बांधलाय तो इथल्या परवान्याला. माल इंग्लंडच्या गोदामातून निघाला की नियम गायब! बाटली तीच, पिणाराही याच गल्लीतला. लोकांनी कमी प्यावं हे मलाही मनापासून वाटतं. मग पिणाऱ्याचा पत्ता बघा ना, गोदाम कसलं बघता?