लखलखणारा प्रत्येक फलक वाचता येतोच असं नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत रात्रीचे दोन फोटो: एकात काळाठिक्कर पडलेला साधा दिशाफलक, दुसऱ्यात झगझगीत एलईडी फलक. दावा असा, की एलईडी जितका प्रखर तितका स्पष्ट. मजकूर सरकता ठेवला की जास्त माहिती मावते. आणि तरीही ज्याला वाचता येत नाही तो ड्रायव्हर बेपर्वा.

आधी फोटो. साध्या फलकावरचा परावर्तक थर हेडलाइटचा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो. फूटपाथवर उभं राहून फोटो काढला तर फलक काळाच दिसणार. गाडीत बसलेल्याला तो तसा दिसत नाही.

‘प्रखर तितका स्पष्ट’ हे भर दुपारी खरं आहे. रात्री तोच उजेड अक्षरांच्या कडांवर पसरतो, अक्षर बनवणारे एलईडीचे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि अक्षराच्या पोटातली काळी जागा भरून जाते. म्हणून अंधार पडला की फलक आपोआप मंद व्हायला हवा.

देवनागरीला याचा फटका जास्त बसतो. रोमन कॅपिटल अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत बसतं. ‘कापूरबावडी’ बसवून बघा: शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, खाली ऊकार. तेवढ्याच उंचीत हे कोंबलं की ‘प’ आणि ‘ष’, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागतात. मराठी फलकाला ठिपक्यांच्या जास्त ओळी आणि मोठं अक्षर द्यायलाच हवं. इंग्रजीचं माप मराठीला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

सरकता मजकूर तर नकोच. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या नियमावलीत तो वर्ज्य आहे. फलकावर जास्तीत जास्त ३ ओळी, एका ओळीत २० अक्षरं.

राहिला बेपर्वा ड्रायव्हर. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अक्षरं १०० मीटरवरून ओळखू आली, तरी हातात जेमतेम ६ सेकंद. त्यातच पुढचा कंटेनर, डावीकडून घुसणारी दुचाकी आणि आरसा सांभाळायचा. संध्याकाळी वाशीहून खाडीपुलावर मानखुर्दकडे निघालात तर समोर मावळता सूर्य असतो. त्या उजेडापुढे फलकाची अक्षरं फिकी पडतात. पन्नाशीनंतर डोळे दिपण्याचा त्रासही वाढतो. अशा माणसाला बेपर्वा म्हणण्याआधी मेसेज लिहिणाऱ्याने तो फलक एकदा स्टिअरिंगमागे बसून, चालत्या गाडीतून वाचून पाहावा.