बफर १२८ की १०२४: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे जेवढे सॅम्पल, म्हणजे नमुने, गोळा करून हाताळतो तो साठा) १२८ ठेवा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: 'बफर १२८ ठेवा हा सल्ला नवख्यांना खड्ड्यात घालणारा आहे. मी कायम १०२४ वर रेकॉर्ड करतो, टेक बरोबर जागेवर बसतो. १२८ वर नुसती तडतड.'

टेक (रेकॉर्ड केलेला तुकडा) जागेवर बसतो हे खरंच, पण ते श्रेय १०२४चं नाही. उशीर किती होतोय ते इंटरफेसचा (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) ड्रायव्हर सांगतो आणि सॉफ्टवेअर टेक तेवढा आधी सरकवून ठेवतं. फाइलला लेटन्सी, म्हणजे हा उशीर, बाधत नाही. बाधते ती हेडफोन लावून बसलेल्या माणसाला. ४४.१ किलोहर्ट्‌झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३.२ मिलिसेकंद. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, झाले ४६. कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीचा वेळ वेगळाच. तेवढ्यात हवेतला आवाज जवळपास १६ मीटर जातो. अ‍ॅम्प १६ मीटरवर ठेवून गिटार वाजवून बघा!

मी हे ५१२ वरच भोगलंय. अ‍ॅम्प सिम्युलेटर (अॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) लावून बेस गिटार वाजवली, वाजवताना सगळं तालात वाटलं. नंतर ग्रिडवर (स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांवर) पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक सूर किक ड्रमच्या आधी. ऐकू उशिरा येतंय म्हणून बोटं आपसूक घाई करत होती, आणि सॉफ्टवेअरने भरपाई केल्यावर ती घाई उघडी पडली.

तुम्हाला त्रास होत नाही, म्हणजे बहुधा इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू असणार. मग आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो, बफर २०४८ केला तरी बिघडत नाही. गायकासाठी मीही हेच करतो. रिव्हर्ब (घुमारा) तेवढा सॉफ्टवेअरमधून देतो. तो उशिरा आला तरी प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची फट) म्हणून खपून जातो. (लबाडी आहे, पण गायक खूश.) अ‍ॅम्प सिम्युलेटर किंवा सॉफ्टवेअर सिंथ वाजवायचा तर आवाज कॉम्प्युटरमध्येच तयार होतो, म्हणून ही सोय नाही, तिथे बफर उतरवावाच लागतो.

तडतडीबाबत चूक माझी. '१२८ ठेवा' लिहिलं, 'फक्त रेकॉर्डिंगपुरतं' हे लिहायचं राहिलं. प्लगइनांनी (सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या इफेक्टांनी) भरलेल्या मिक्सचा हिशोब १२८ सॅम्पलच्या २.९ मिलिसेकंदांत उरकला नाही की तडतडणारच. आधी जड ट्रॅक फ्रीज करा, म्हणजे इफेक्टांसकट तात्पुरते फाइलमध्ये उतरवा. मास्टरवरचे (सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथले) लुकअहेड लिमिटर आणि लिनिअर फेज ईक्यू हे प्लगइन काढा. बफर कितीही लहान केला तरी ते स्वतःची लेटन्सी घालतातच. तरीही तडतडलं तर २५६. मिक्सला बसलात की खुशाल १०२४.

लेखात दुरुस्ती आजच टाकतो. तुमचं मॉनिटरिंग कुठून होतं तेवढं मात्र कळवा.